मोत्याकडे बघ, माझ्याकडे नको

आजोबांच्या खोलीत दिवा होता, पण दिवसा तो लावायची कुणाची टाप नव्हती. मोती निवडायचे ते खिडकीच्या उजेडात, आणि खिडकीही उत्तरेचीच हवी. तिथून ऊन आत घुसत नाही, नुसता शांत उजेड येतो. "उन्हात सगळेच मोती गोरे दिसतात आणि दिव्याखाली सगळेच देखणे," आजोबा म्हणायचे. "दोघंही लबाड. तोंडावर गोड बोलणारे."

त्या खिडकीखाली त्यांचं टेबल होतं. टेबलावर करड्या रंगाचं जाड कापड, त्यावर उथळ तबकं, एक चिमटा आणि मोत्यांचा आकार मोजायच्या पितळी चाळण्या. आजोबा मोती पारखून त्यांची जुळणी करायचे, शेजारच्या खोलीत त्यांची सून ते रेशमात ओवायची, आणि मुलगा माल घेऊन बहुतेक वेळ फिरतीवर असायचा. घरात चौथी होती ती नात. तिला सगळे भिंगरी म्हणत, आणि का म्हणत हे विचारायची कुणाला गरज पडत नसे. शाळेतून आली की दप्तर एका कोपऱ्यात, बूट दुसऱ्या कोपऱ्यात आणि ती स्वतः तिसऱ्या. फक्त त्या टेबलापाशी ती स्थिर बसे. आजोबांना त्याचा इतका अभिमान होता की आल्यागेल्याला ते सांगत, "हिच्या शाळेत एक टेबल मोत्यांचं ठेवा म्हणावं, मास्तरांचा घसा वाचेल."

शिकवायची त्यांची एक तऱ्हा होती. 'चूक' हा शब्द ते वापरत नसत. मोती चुकीच्या तबकात गेला की म्हणत, "पुन्हा बघ." पुन्हा चुकला की पुन्हा तेच, त्याच आवाजात. घाई त्यांना माहीतच नव्हती.

पहिला धडा पाण्याचा. मोत्याचं पाणी म्हणजे त्याची चमक, पण काचेच्या मण्यासारखी वरवरची नव्हे, आतून आल्यासारखी. "खिडकीचे गज दिसतात का बघ त्यात," आजोबा सांगत. "रेघा ठसठशीत दिसल्या तर पाणी चांगलं. धुक्यात हरवल्या तर तो मोती नाही, खडू आहे."

मग साल. मोती बोटांत फिरवून बघायचा, कुठे खड्डा आहे का, पुटकुळी आहे का. एखादी बारीक पुटकुळी निघाली म्हणून मोती फेकायचा नाही. भोक पाडायचं ते नेमकं तिथेच. खोट भोकात जाते आणि मोती नितळ होतो. भिंगरीला हे इतकं आवडलं होतं की गणिताच्या वहीत खाडाखोड झाली तिथे तिनं पेन्सिलीनं भोक पाडलं होतं, आणि बाईंनी विचारल्यावर आजोबांचं नाव पुढे केलं होतं.

मग दात. मोती दाताच्या कडेवर हलकेच घासायचा. खरा असेल तर बारीक वाळूसारखा खरखरतो, नकली असेल तर गुळगुळीत सरकतो. भिंगरीचे पुढचे दात तेव्हा पडलेले होते, म्हणून तिनं हा धडा दाढेवर उरकला. मग गोलाई. जरा कलती धरलेली ताटली, तिच्यावरून मोती सोडायचा. गोल असला तर सरळ निघून जातो, नसला तर वाटेत झोकांड्या खातो.

हे सगळं कुणालाही शिकवता येतं. खरी कसोटी जुळणीची. एकेकटा मोती सुंदरच असतो. त्याला शेजारी मिळाला की कळतं तो गुलाबी झाक मारतो की हिरवी, पांढरा आहे की सायीसारखा पिवळट. "म्हणून एकट्याला कधी पसंत करायचं नाही," आजोबा म्हणत. "शेजाऱ्यासकट बघायचं. आणि डोळा थकला की उठायचं, खिडकीबाहेरच्या झाडाकडे बघायचं. थकलेला डोळा हो ला हो करतो."

सुरुवातीला भिंगरी जुळणी करताना आजोबांशी कडाकडा भांडायची. "हा इथे बसणार नाही आजोबा, शेजाऱ्याचं तोंड काळं दिसतंय त्याच्यामुळे!" आजोबा पुन्हा बघत आणि अनेकदा तिचंच खरं निघे. पण हल्ली भांडणं थांबली होती. आजोबांनी मोती पुढे करायचा, तिनं मान हलवायची. त्यांनी पांढऱ्यात टाकला की तीही म्हणायची पांढरा. आजोबा खूश होते.

"पोरीची नजर बसली बरं का," त्यांनी सुनेला सांगितलं. "आता आमचं दोघांचं एकमत होतं."

सुनेच्या ओठांत रेशमाचं टोक होतं. त्यामुळे ती काही बोलली नाही, असं आजोबांना वाटलं.

अशात एक दिवस कोपऱ्यावरची दातांची डॉक्टरीण आली. तिनं मोत्यांचा एकेरी सर सांगून ठेवला होता. तिची लेक बऱ्याच वर्षांनी घरी येणार होती, तिच्यासाठी.

"काय आजोबा, अजून घासता का मोती दातांवर? मी तुमचे दात नीट करायचे आणि तुम्ही त्यांची कानस करायची!"

"तुम्हीच बसवलेत ना डॉक्टरीणबाई. मग घाबरता कशाला?"

"सराचं कुठवर आलं? आणि पांढरा म्हणजे पांढरा हं. पिवळट एक मोती चालणार नाही. पिवळं बघून बघून कंटाळलेय मी, दिवसभर तेच बघते."

आजोबा हसले, तबक उचलून खिडकीकडे वळले. उजेड त्यांच्या तोंडावर पडला आणि डॉक्टरीण हसता हसता थांबली. "आजोबा, जरा असेच उभे राहा." ती जवळ आली. "तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू दिसतोय. दोन्ही डोळ्यांत. दाखवलंत का कुणाला?"

"अहो, जन्मभर मोती हाताळले," आजोबा म्हणाले, "डोळ्यांत काय हिरे येणार?"

"थट्टा राहू दे. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. साधं काम आहे, काढून टाकतील."

ती गेली. आजोबांनी विषय तबकाबरोबर खाली ठेवला. पण टेबलाच्या दुसऱ्या बाजूला भिंगरी बसली होती, आणि तिच्या हातातला मोती हातातच राहिला होता.

जेवताना तिनं विचारलं, "आजोबा, तुमच्या डोळ्यात मोती आहे?"

"तसं म्हणतात खरं."

"गोल आहे?"

"आपण काही ताटलीवरून सोडून बघितला नाही."

"आणि काढायचा म्हणजे... शिंपला उघडतात तसं?"

आजोबा "हो, तसंच काहीतरी," म्हणाले आणि भात कालवू लागले. भिंगरीनं पुढे घास घेतला नाही. आजोबांनीच तिला कधीतरी समजावून सांगितलं होतं की जुने लोक मोती म्हणजे पावसाचा थेंब म्हणत, पण खरं तसं नसतं. शिंपल्याच्या मऊ अंगात एखादा किडा शिरतो, खुपतो, आणि शिंपला त्याच्याभोवती थरावर थर चढवत जातो. मग तो शिंपला सुरीनं उघडतात. "मग शिंपल्याचं काय होतं?" तिनं तेव्हा विचारलं होतं. आणि आजोबांनी खरं ते सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी सराची जुळणी सुरू झाली. आजोबांनी एक मोती उचलला, भिंगरीपुढे धरला. "बोल. कुठे?"

भिंगरी क्षणभर थांबली. "पांढऱ्यात."

"शाब्बास." आजोबांनी दुसरा उचलला. तेवढ्यात त्यांना शिंक आली. रुमाल शोधायला ते वळले आणि वळता वळता मोती तिच्या हातात देत म्हणाले, "हा कुठे? बघून ठेव."

ते परत वळले तेव्हा भिंगरी मोती तसाच धरून बसली होती. "तुम्ही आधी बघा ना."

"मी कशाला? तू सांग."

"तुम्ही बघा, मग मी सांगते."

आजोबांनी आयुष्यभर पोरांना शिकवलं होतं, स्वतःच्या मुलाला, पुतण्यांना, शेजारच्यांना. उत्तर शोधणारं पोर कसं बघतं आणि उत्तर चोरणारं कसं, हे त्यांना पाठ होतं. त्यांनी तिसरा मोती पुढे धरला आणि मोत्याऐवजी तिच्याकडे पाहिलं. तिचे डोळे मोत्यावर नव्हतेच. ती त्यांचं तोंड बघत होती. त्यांच्या भुवया, ओठ, हात कुठल्या तबकाकडे झुकतोय ते.

"जा, खेळून ये जरा," म्हणाले. ती एका उडीत बाहेर गेली, एरवी जायची नाही इतक्या आनंदानं. तेही त्यांना लागलं.

मग त्यांनी कपाटातून नमुन्याचे मोती काढले. त्यांच्या गुरूंनी दिलेले, पांढरा म्हणजे कसा हे दाखवणारे. कागदाची पुडी उघडली. मोती चहात बुडवून काढल्यासारखे दिसत होते. आजोबांनी स्वतःची समजूत घातली: जुने झाले, जुना मोती पिवळा पडतो. पडतोही. पण मन मानेना. ते उठून स्वयंपाकघरात गेले, चिमूटभर मीठ आणलं आणि टेबलावरच्या कापडावर मोत्यांशेजारी ठेवलं. मीठ काही जुनं होत नाही.

मीठही चहात बुडवल्यासारखंच दिसलं; पांढरं आणि पिवळं यांत त्यांच्या डोळ्यांना फरकच उरला नव्हता.

सून चिमटा न्यायला आली आणि दारातच थबकली. टेबलावर मोती, शेजारी मीठ, आणि सासरे एक डोळा झाकून, मग दुसरा झाकून बघताहेत. तिला सगळं कळलं.

"बाबा..."

"कधीपासून माहीत होतं तुला?"

ती खाली बसली. "बरेच महिने झाले. तुमच्या तबकात एखादा पिवळा यायला लागला. मग जास्त. मी ओवायच्या आधी बदलायची."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"कसं सांगणार होते? या खिडकीपाशी बसला नाहीत तर तुम्ही काय कराल याचाच विचार यायचा. म्हटलं, निवडू देत बाबांना. मी आहे ना मागे."

हे ऐकून राग यावा की रडू, आजोबांना ठरवता येईना. डोळ्यांसमोर संध्याकाळ कशी हळूहळू होत जाते, दिवा लावेपर्यंत कळतही नाही, तसं झालं होतं. पण त्यांना खुपत होतं ते वेगळंच.

"आणि पोरीला?"

सुनेनं मान खाली घातली. "ती एकदा धावत आली होती. म्हणाली, आजोबा पिवळ्याला पांढरा म्हणतात. मीच म्हटलं, आजोबांचं मन मोडू नकोस. ते म्हणतील ते म्हण."

"माझं मन जपलंत गं दोघींनी," आजोबा म्हणाले. आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "पण तिची नजर घालवायला बसलो होतो मी. रोज. शाब्बास म्हणून म्हणून."

तिनं मीठ बोटानं गोळा केलं, तळहातावर घेतलं, आणि चिमटा न नेताच गेली.

सर द्यायचा दिवस जवळ आला होता. डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ त्याच्यानंतरची मिळाली. पण सराचं काम कुणावर तरी सोपवता आलं असतं. सुनेचा हात आणि नजर दोन्ही चोख होती. आजोबांना घोर होता तो पोरीचा. खोटं 'हो' म्हणायची एकदा सवय लागली की डोळा तेच शिकतो. आज आजोबांचं तोंड बघते, उद्या गिऱ्हाइकाचं बघेल.

त्यांनी भिंगरीला बोलावलं. ती आली, पण खुर्चीच्या कडेवर बसली, पळायच्या तयारीत.

"आधी माझ्या डोळ्यातल्या मोत्याचं बोलू," आजोबा म्हणाले. "तो मोती नाही. नुसतं नाव तसं पडलंय. डोळ्यात एक छोटं भिंग असतं, पाण्यासारखं नितळ. म्हातारपणी ते गढूळ होतं. डॉक्टर ते काढतात आणि नवीन नितळ बसवतात."

"सुरीनं?"

"सुईएवढ्या कशानं तरी. आणि डोळ्याला काही होत नाही. मी शिंपला नाहीये. डॉक्टरीणबाईंना विचारलंय मी, हवं तर तूही विचार."

भिंगरीचा श्वास मोकळा झाला. मग लगेच चेहरा पडला. "म्हणजे मोती निघणारच नाही?"

"नाही."

"अगदी बारीकसुद्धा?"

"बारीकसुद्धा नाही. हातात गढूळ भिंग येईल, त्याचा सर होत नाही."

ती जराशी खट्टू झाली. आजोबांनी तिला ते पचवायला वेळ दिला. मग खुर्ची खिडकीपाशी ओढली, पण तिच्यासमोर नाही, तिच्या शेजारी, दोघांची तोंडं उजेडाकडे येतील अशी.

"आता कामाचं. माझी बोटं चांगली आहेत, दात डॉक्टरीणबाईंचे आहेत. गोलाई, साल, खरा-खोटा हे मी बघणार. रंग आणि पाणी तू सांगायचंस. मला दिसत नाही."

हे शेवटचे तीन शब्द म्हणायला त्यांना बळ लागलं.

"आणि तुम्ही वेगळं म्हणालात तर?"

"म्हणेनच. सवय जाते का? मी वेगळं म्हणालो तर मला सांगायचं, पुन्हा बघा. मोत्याकडे बघ, माझ्याकडे नको."

सुरुवात डगमगतच झाली. आजोबांनी बोटांत मोती फिरवायचा, ताटलीवरून सोडायचा, तिच्या तळहातावर ठेवायचा. ती हळूच मान वळवायला जायची. आजोबा खिडकीबाहेरच्या झाडाकडे बघत बसायचे. त्यांचं तोंड वाचायची सोयच नव्हती. "पिवळट," ती पुटपुटली. मग "पांढरा." मग "पांढरा, पण पाणी नाही, गज धुरकट दिसतात." हळूहळू आवाज पूर्वीचा झाला. "हा आणि हा एका बाकावर नकोत, मारामारी होईल." दारात सून येऊन उभी राहिली होती, ती हसली, पण आत आली नाही.

तबक भरत आलं. राहिला मधला मोती, सगळ्यांत मोठा, सराचा मान. तो आजोबांनी आधीच निवडून ठेवला होता, कापसात गुंडाळून. किती दिवसांत इतका गोल मोती हाती लागला नव्हता. कुठे खड्डा नाही, पुटकुळी नाही. भोक कुठे पाडावं हाच प्रश्न पडावा असा. कापूस उलगडताना त्यांची बोटं मऊ झाली. या एकाबद्दल त्यांना शंका नव्हती. डोळे गढूळ असतील, पण हा मोती पांढरा होता. त्यांना तो इतर सगळ्यांपेक्षा उजळ दिसत होता, म्हणजे पांढराच.

"हा मध्ये," ते म्हणाले. तो त्यांनी तिच्या तळहातावर ठेवला आणि इतका वेळ पाळलेलं विसरून तिच्याकडे वळून बघितलं, कौतुकाची वाट बघत.

भिंगरीनं मोती शेजाऱ्यांमध्ये ठेवून बघितला. उचलला. पुन्हा ठेवला. तिला आजोबा आपल्याकडे बघताहेत हे कळत होतं. तिचे कान लाल झाले. तिनं मान वर केली नाही.

"आजोबा, हा पिवळा आहे."

"हा नाही गं. हा तर मी..." आजोबा थांबले. "नीट बघितलास?"

"हो."

"शेजाऱ्यासकट?"

"हो. शेजारी पांढरे दिसतात आणि हा सायीसारखा." तिनं बोटानं तो मोती जरा मागे सारला. "छान आहे. पण या सरात नाही बसणार. पुन्हा बघा."

आजोबांनी पुन्हा बघितलं. मोती पांढरा होता. उजेडाकडे धरला, सावलीत धरला, एक डोळा झाकला. पांढराच. भांडायचं म्हटलं तर त्यांच्याकडे पन्नास मुद्दे होते, आणि पोर एका शब्दात गप्प झाली असती. नुसत्या भुवया उंचावल्या असत्या तरी पुरे होतं.

त्यांनी मोती चिमट्यानं उचलला, कापसात ठेवला, कापूस गुंडाळला आणि बाजूला सारला.

"बरं," ते म्हणाले. "मग मधे कोण?"

भिंगरी कधीच दुसऱ्या तबकावर वाकली होती. तिनं एक मोती काढला, आकारानं किंचित लहान, आणि आजोबांच्या पुढे केला. आजोबांना तो राखाडी वाटला, पावसाळी आभाळासारखा. त्यांनी फक्त बोटांत फिरवला.

"याला इथे बारीक पुटकुळी आहे," ते म्हणाले. "भोक इथे पाडायचं."

"मला दाखवा! कुठे?" तिनं त्यांचा हात ओढून जवळ घेतला, आणि दोघांची डोकी खिडकीच्या उजेडात एकमेकांवर आपटली.